बोलता येईल इतकंच धावावं

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत. तेव्हा उरलेल्या सात अंगांचा स्वीकार व्हावा. भावोजींची पाठ कशी आहे? (ते व्यायाम करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पाठ कशी आहे एवढंच कळव.) तुझा खोकला थांबला असेल, असं मी इथूनच ठरवून टाकलंय. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू माझं अर्धं बोलणं ऐकतेस आणि उरलेलं अर्धं मलाच सांगतेस. कागदावर तुला मधे बोलायची सोय नाही.

तुझी भाची आमच्या चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडली, हे तुला माहीत आहे. आमचं भांडण झालं असं तू सगळ्यांना सांगतेस, ते खरं नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करतात तिथे नोकरी धरतेय, असं तिनं सांगितलं आणि मी म्हणालो, "जा. भिंगं तिथेही आहेत, फक्त भिंगामागे माणूस नाही." हे वाक्य मला त्या वेळी फार छान वाटलं होतं. (छान वाक्य सुचलं की माणसानं आधी पेलाभर पाणी प्यावं.) तिनं दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली, नोकरीजवळ खोली घेतली, आणि तेव्हापासून तिचे निरोप तिच्या आईला येतात. त्यातलं गाळून उरेल ते मला मिळतं.

अशात एका सकाळी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होतो, तर थेट माझ्याच फोनवर तिचा निरोप : "एका शर्यतीत दोघांची नावं घालतेय. धावशील?" मी लगेच हो लिहिलं. किती, ते विचारलंच नाही. विहिरीत उडी मारशील का, असं विचारलं असतं तरी मी "किती वाजता?" एवढंच विचारलं असतं. मग कळलं की अंतर एकवीस किलोमीटर आहे. मी आयुष्यात सगळ्यात लांब धावलोय ते सुटलेल्या बसमागे, आणि तीही चुकली.

तर गुरू शोधणं आलं. इथल्या बागेत सकाळी धावणाऱ्यांचा एक कळप असतो, आणि त्याचे म्होरके एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांना सगळे कासव मास्तर म्हणतात, तेही तोंडावर. त्यांचा नियम एकच : धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर वेग कमी करा. त्यामुळे तो कळप धावतो कमी आणि बोलतो जास्त. माझ्या शेजारी धावणाऱ्या गृहस्थांच्या सुनेबद्दल मला आता इतकी माहिती आहे, की ती कधी समोर आली तर मी आधी तिची माफी मागेन.

दुसरा गुरू माझ्या मेहुण्यानं सुचवला. (तो स्वतः काही करत नाही, पण सुचवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.) नुसतं धावून पायांत ताकद येत नाही, घरी जोराचा व्यायामही हवा, असं त्याचं म्हणणं. मग पडद्यावर व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आल्या. मी त्यांना उडीवाल्या बाई म्हणतो. जीव खाऊन उड्या, जेमतेम श्वास घेण्याइतकी उसंत, की "थांबू नका!" म्हणत परत उड्या. त्यांचाही नियम एकच : व्यायाम करताना बोलता येत असेल, तर तुम्ही काहीच केलेलं नाही.

दोन गुरूंचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं. विश्रांतीचे दिवस पाळा. आता यात माझं काय चुकलं, तूच सांग. मास्तर म्हणाले, विश्रांतीच्या दिवशी धावायचं नाही. मी धावलो नाही, उड्या मारल्या. बाई म्हणाल्या, विश्रांतीच्या दिवशी उड्या बंद. मी उड्या बंद ठेवल्या आणि धावायला गेलो. दोघांच्या आज्ञा इतक्या तंतोतंत पाळणारा शिष्य त्यांना दुसरा मिळाला नसेल. फक्त विश्रांती काही कोणाच्या वाट्याला आली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी छताला झाडूचा दांडा ठोकला. मी ओशाळून थांबलो. पुढे त्या ठोकत राहिल्या, मी उडत राहिलो, आणि हळूहळू आमचा ताल जुळला. परवा जिन्यात भेटल्या तर काळजीनं म्हणाल्या, "काल लवकर आटोपलंत. बरं नाही का?" बरं नव्हतंच. तोवर मी जिना पाठमोरा उतरायला लागलो होतो, कारण सरळ उतरताना मांड्या बोंब मारत. दुकानात डोळे तपासायला वाकलो की परत सरळ होता येईना. एक आजोबा तर हेलावून गेले. इतक्या बारकाईनं माझे डोळे आजवर कोणी पाहिले नव्हते, म्हणाले.

असो. खरी गंमत (तुला गंमत वाटेल, मला नाही) गेल्या रविवारची. लेकीनं कळवलं, संध्याकाळी येते, शर्यतीआधी एकदा बरोबर धावून बघू. तो मास्तरांचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे माझा उड्यांचा. सकाळी उड्या मारून घेतल्या आणि लेक येणार म्हणून बाईंनी सांगितल्यापेक्षा थोड्या जास्तच मारल्या. संध्याकाळी आम्ही कालव्याकाठच्या रस्त्यानं निघालो. ती माझ्या चालीनं पळत होती, म्हणजे जवळजवळ चालतच होती, पण तसं दाखवत नव्हती. पूल आला तेव्हा समोरच बघत तिनं विचारलं, "बाबा, अजून रागावलायस?"

ताई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीपासून तयार होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं. आणि छातीत एका अक्षरापुरतीही हवा नव्हती. मी हात वर केला. मला म्हणायचं होतं, थांब, एक मिनिट. पण वर केलेला हात कोणालाही 'पुरे कर' असाच दिसतो. तिनं मान हलवली, "बरं" म्हणाली, आणि तिच्या स्वतःच्या वेगानं पुढे निघाली. मी कठड्याला धरून तिची पाठ लहान होताना बघत राहिलो. मी घरी पोचेपर्यंत ती पिशवी उचलून गेलीही होती. आईला सांगून गेली, "बाबाला बोलायचं नाहीये."

मी सगळी हकिगत मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, "दमायचा दिवस आणि बोलायचा दिवस तुम्ही एकच धरलात." आता त्यांनी वेळापत्रक लावून दिलंय. उड्या आठवड्यातून दोनदाच, त्यांच्या आदल्या नि दुसऱ्या दिवशी हलकंफुलकं धावणं, आणि विश्रांतीच्या दिवशी फक्त विश्रांती. (खालच्या बाईंना तसं कळवलंय. त्या जरा हिरमुसल्या.) बाकी सगळं ठीक आहे. भावोजींना नमस्कार सांग आणि पाठीसाठी उडीवाल्या बाईंचं नावही काढू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. : सगळं ठीक आहे असं वर लिहिलंय, ते तसं नाही. तू तुझ्या भाचीला एक फोन कर. बाबा रागावलेला नव्हता, त्याला दम लागला होता, एवढंच सांग. तुला काही ऐकावं लागणार नाही, फक्त सांगायचंय, आणि ते तुला जमतं.

दुसरा ता. क. : तुझ्या भावजयीनं हे पत्र वाचलं. म्हणाली, "अहो, ताईंना एवढी पानं लिहिलीत. पोरीला सांगायचं ते एका ओळीचं आहे." मग फोन माझ्यापुढे ठेवून ती भाजी निवडायला बसली, पण दारातच.

तिसरा ता. क. : केला फोन. तिनं उचलला, पण शब्द नाही. मी ती एक ओळ म्हणून टाकली. तरी शब्द नाही, नुसता श्वास, आणि मागून ओळखीचा आवाज : "थांबू नका, आणखी थोडं!" आणि आज तिचा विश्रांतीचा दिवस होता, हे मला तिच्या आईकडून पक्कं ठाऊक होतं. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. असल्या गप्प बसण्याचा अर्थ आता मला कळतो. बऱ्याच वेळानं ती कशीबशी म्हणाली, "बाबा... एक मिनिट." मी म्हणालो, "सावकाश."

तेव्हा तू फोन करू नकोस. पत्र टाकायला खाली निघालोय, जिना सरळ उतरून.