खिडकीपाशी नेलेलं स्टूल

प्रिय आई,

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या थोरल्या लेकीचा, ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आईने हट्ट धरून डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे बघायला मिळत नाहीत. आणि तुम्ही तिथेच बाकावर बसून रडायला लागलात. ताई म्हणाल्या, लोक डोळे गेले म्हणून रडतात, आमची आई चांगले निघाले म्हणून रडते. त्या हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. मग त्यांनी तुमचं बोलणं सांगितलं. "डोळे धड आहेत, म्हणजे माझं डोकंच गेलंय. पोरगी माझ्यासमोर भाजली आणि मला ते आठवतसुद्धा नाही." तुमची नात, आपली मुकादम, शेजारी झोपलीय, हात पसरून. तिचा तळवा बघत बघत उजाडलं, तेव्हा उठले आणि कागद घेतला.

तुम्हाला वाचता येत नाही आणि मला धड लिहिता येत नाही, आपली सासू-सुनेची जोडी छान आहे. हे तुम्हाला ताई वाचून दाखवतील, नाहीतर तिथलं शेजारचं कोणी. म्हणजे जे मी तुम्हाला एकटीला सांगायला हवं होतं ते तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. त्याचीही लाज वाटते. दोनदा फोन केला होता तुम्हाला. दोन्ही वेळा जेवण झालं का विचारलं आणि ठेवून दिला.

मुकादम बरी आहे, आधी तेच सांगते. फोड सगळे गेले. तळवा गुलाबी दिसतो अजून, नर्स म्हणाली सहा महिन्यांत ओळखूही येणार नाही. आता धरून उभी राहते. तुम्ही नाव ठेवलं ते बरोबर ठेवलं, पिशवी असो नाहीतर पातेलं, आत काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. तुमच्या खोलीच्या दाराशी जाते, आत बघते, मग माझ्याकडे बघते. मी तोंड फिरवते. दहा महिन्यांच्या पोरीपासून तोंड लपवते मी.

आता त्या दिवसाचं. तो फळांचा कॉबलर करायचा माझ्या मनात कधीपासून होतं ते तुम्हाला माहीत आहे. बेकरीत मी ट्रे घासायचे तिथे भट्टीवरच्या बाईने शिकवला होता. खाली फळं, वर पिठाचे गोळे, आणि भट्टी. बस. ती म्हणायची, हा येत नाही असा माणूस नाही. मी म्हटलं, आहे ना, ही काय. पहिल्यांदा घरी केला तेव्हा मी सगळं पीठ फळांवर सपाट पसरलं होतं, आठवतं? वरून लाल झाला आणि आत कच्चा लगदा. तुम्ही चमच्याने उचकटून बघितलंत आणि म्हणालात, "फळांना थंडी वाजत होती का गं, एवढं पांघरूण घातलंस ते?" आपण दोघी किती हसलो होतो. मग भट्टीवरच्या बाईला विचारून आले. गोळे सुटे सुटे टाकायचे, मधे जागा सोडायची, म्हणजे वाफ बाहेर पडते.

त्या रविवारी माझा दादा येणार होता. मुकादम झाल्यावर पहिल्यांदाच. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण आमचे आईवडील गेल्यावर दादाने शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून. आणि मी सातवीत नापास होऊन घरी बसले. कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासता घासता तो आचारी झाला, दोनशे माणसांचं जेवण करतो, आणि मी त्याला आजपर्यंत एक गोष्ट पुरी करून दाखवली नाही. लग्न केलं तेही घाईत. मला वाटलं, निदान एक पदार्थ त्याच्यापुढे असा ठेवावा की तो म्हणेल, हे तू केलंस? एवढ्यासाठी, आई. एवढ्याशा गोष्टीसाठी.

सकाळपासून लागले होते. आलुबुखार चिरले, बिया काढल्या, साखर आणि लिंबू घालून मुरत ठेवले. लोणी थंड असताना मैद्यात बोटांनी चोळलं, रव्यासारखं होईपर्यंत. दूध बेताने घातलं. त्या दिवशी माझे हात बरोबर चालत होते, मला कळत होतं. ओव्हन पेटवला आणि तुम्ही नेहमीसारखं स्टूल आणून त्याच्यापुढे बसलात. ओव्हन जुना, दार खाली पडणारं, खिट्टी ढिली. पेटवल्यापासून थंड होईपर्यंत तुम्ही तिथून हलायच्या नाहीत. शेवटी दाराला तळहात लावायचात, हात टिकला तर उठायचात. मला त्याचा राग यायचा. लाज वाटते सांगायला, पण यायचा. वाटायचं, माझ्यावर भरवसा नाही म्हणून बसतात.

कडेने रस घट्ट होऊन बुडबुडे यायला लागले, गोळे सोनेरी झाले. मी भांडं बाहेर काढलं. इतका देखणा झाला होता, आई. मी तुम्हाला म्हटलं, दादा येईल आता, कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रीम घेऊन या. तुम्ही म्हणालात, "ओव्हन थंड होऊ दे, मग जाते." तेव्हा मी काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "मी काय कुकुलं बाळ आहे का? माझी पोर मला सांभाळता येते." तुम्ही उठलात. जाता जाता दार वर ढकलून लावलंत, स्टूल आडवं करून त्याला टेकवलंत, मुकादमला उचलून बाहेरच्या खोलीत खेळण्यांत ठेवलंत, आणि चपला घालून खाली गेलात.

आता ऐका. ते स्टूल मी काढलं. मी, माझ्या हातांनी. मला कॉबलरचा फोटो काढायचा होता. उजेड खिडकीपाशी होता आणि तिथे भांडं ठेवायला काही नव्हतं, म्हणून मी स्टूल उचलून खिडकीपाशी नेलं. स्टूल काढल्यावर ढिल्या खिट्टीचं ते दार खाली आलं. मी बघितलं ते. बघितलं आणि म्हटलं, लावते मग. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात माझी सावली पडली. तिसरा चांगला आला. तिसरा काढला आणि ओव्हनच्या दाराशी मुकादम किंचाळली.

मी तिला उचलून नुसती उभी होते. तुम्ही जिन्यात तिचा आवाज ऐकून धावत आलात, क्रीम हातातून कुठे पडलं ते तुम्हालाही कळलं नाही, तिला माझ्याकडून घेतलंत आणि तिचा हात नळाखाली धरलात. तेवढ्यात दादा आला. त्याने काय बघितलं? पोर तुमच्या हातात, रडून लालबुंद, आणि मी बाजूला. तो ओरडला, "कोणाजवळ होती पोर?" आई, तो प्रश्न मला होता. आणि मी तुमच्याकडे बघितलं. बोलले काही नाही, नुसतं बघितलं. तुम्हीही माझ्याकडे बघितलंत, आणि थांबलात. मी काही बोलतेय का ते बघत थांबलात, मला ते कळलं. मग तुम्ही मान खाली घातलीत.

तिथपर्यंतसुद्धा मी म्हणू शकले असते की घाबरले होते. पण दवाखान्यात ती मुलांच्या खात्याची लिहून घेणारी बाई आली. तीच, मुकादम सहा महिन्यांची असताना पलंगावरून पडली तेव्हा जिने लिहून घेतलं होतं आणि म्हणाली होती, परत असं काही झालं तर घरी येऊन बघावं लागेल. मी ते ऐकून इतके दिवस धास्तीत होते की ही लोकं माझी पोर घेऊन जाणार. तिने पेन उघडलं, विचारलं, मूल कोणाजवळ होतं? मी म्हटलं, आजीजवळ. या वेळी नुसतं बघितलं नाही, तोंडाने बोलले. आणि तुम्ही माझ्या बाजूला उभ्या होतात, म्हणालात, "हो, माझी नजर चुकली." बाहेर पायरीवर एवढंच म्हणालात, "पोरगी आपल्या घरी आली ना, झालं तर मग."

दादा तुम्हाला जे बोलला ते मी दाराआडून ऐकलं. झेपत नाही तर सांगायचं होतं, म्हातारीच्या भरवशावर लेकरू ठेवणाऱ्यांची कमाल आहे. तुमचा मुलगा गाडी घेऊन आठशे मैलांवर होता, त्यालाही फोनवर दादानेच सांगितलं, आणि तो तीन दिवस तुमच्याशी बोलला नाही. आठव्या दिवशी तुम्ही ताईंकडे जायला निघालात. तुमची पिशवी मी भरली. थांबा म्हटलं नाही. खरं सांगते, दार लागलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही समोर नसलात की मला आठवायला नको.

अजून एक आहे. हे नाही सांगितलं तर बाकीचं सांगून उपयोग नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर तुम्ही मुकादमला घेऊन आत पडलात. दादा सकाळपासून उपाशी होता. कॉबलर खिडकीपाशी तसाच होता, स्टूलवर. त्याने उभ्या उभ्या चमच्याने खायला सुरुवात केली. अर्धं भांडं खाल्लं आणि म्हणाला, "हे तू केलंस? वा गं." आणि आई, मला बरं वाटलं. आत माझी पोर हाताला पट्टी बांधून कण्हत होती, तुम्ही माझं पाप अंगावर घेऊन तिच्याजवळ पडला होतात, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

मी समजत होते, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही मला मोठ्या मनाने सोडून दिलंत. काल ताई म्हणाल्या की तुम्ही त्यांच्या नातवंडाला हात लावत नाही. गॅस पेटला की स्वयंपाकघरातून उठून जाता. आणि सांगता की स्टूलवर बसल्या बसल्या तुम्हाला डुलकी लागली असेल. आई, तुम्हाला डुलकी लागली नव्हती. तुम्ही स्टूलवर नव्हतातच, घरात नव्हतात, दुकानात गेला होतात. माझ्या खोट्यासाठी हो म्हणालात, आणि सगळ्यांनी इतक्यांदा ऐकवलं की तुम्हाला ते खरं वाटायला लागलं. तुमचं डोकं जागेवर आहे. घरात एकट्या तुमचंच जागेवर होतं.

तो तिसरा फोटो मी पुसला नाही. आज छापून आणते आणि या पाकिटात घालते. तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे दिसेल. पुढे कॉबलर, त्याच्याखाली स्टूल, खिडकीपाशी. आणि मागे कोपऱ्यात मुकादमचे दोन तळपाय, ओव्हनकडे रांगत निघालेले. तुम्ही त्यात कुठेही नाही. नीट बघा, हवं तितकं बघा.

गुरुवारी ती लिहून घेणारी बाई घरी येणार आहे. तिला मी हेच सांगणार आहे. काय होईल माहीत नाही. खूप भीती वाटते. तुमच्या मुलालाही सांगेन, शनिवारी येतोय तो. तुम्ही परत या असं म्हणायचं तोंड मला नाही. पण ताईंच्या नातवंडाला उचलून घ्या. आजच घ्या.

तुमचीच,
जिला तुम्ही रागावतानासुद्धा "पोरी" म्हणता ती

आणि हे जे कोणी वाचून दाखवतंय त्यांना हात जोडून सांगते. ताई असाल तर ताई, शेजारच्या असाल तर तुम्ही. माझ्या दादाला फोन करा. नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिलाय. मी चार वेळा केला. तो "काय गं, बरी आहेस ना?" म्हणतो आणि मी बरी आहे म्हणून ठेवून देते. तो आईंना जे बोलला ते त्याने तिथे येऊन, आईंसमोर परत घ्यायला हवं, आणि त्याला खरं कळल्याशिवाय तो येणार नाही. माझी बाजू घेऊन सांगू नका, घाबरली होती बिचारी असं काही म्हणू नका. जसं लिहिलंय तसं वाचा, कॉबलर त्याने खाल्ला तेसुद्धा. दुपारी तीननंतर करा, तेव्हा कँटीन रिकामं असतं. नंबर अनोळखी दिसला की तो घाबरून आधी विचारेल, माझी बहीण ठीक आहे ना. तेव्हा हो म्हणा, आणि मग वाचायला सुरुवात करा.