नानांचा पंजा

जळगाव, रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

आज फोटोक्लबात स्टुडिओवाल्या नानांनी माझ्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर सरळ पंजाच ठेवून सगळी भिंत झाकली. जन्मभर लग्नं टिपणारा हा माणूस मला म्हणतो, "ही बठ्ठी भिंत कापी टाक, रिकामीच शे." बाकीचे माना डोलवत बसले.

उजव्या कोपऱ्यात आई बसली आहे. उरलेल्या भिंतीशी वडिलांची, आबांची खाट असायची. ते गेल्यावर आम्ही ती उचलली. हे मी तोंडाने सांगायचं होतं? की फोटोनेच सांगायला हवं होतं?

घरी येऊन मीच भिंतीवर पंजा ठेवून पाहिला. फोटो जास्त चांगला दिसतो. त्याचाच संताप झाला.

पुढच्या रविवारी नानांचा फोटो लागणार आहे. पंजा मलाही आहे.