डाव्या हाताचा पीळ

अकोला
मंगळवार, दुपार

प्रिय रागिणी,

तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचून झालं. तू मला फक्त शुद्धलेखन पाहायला सांगितलं होतंस. पहिली तीन प्रकरणं मी लाल पेन घेऊन वाचली, चौथ्याला पेन खाली ठेवलं. शुक्रवारी तू तो अमरावतीला विद्यापीठात जमा करणार, आणि आता मुदत वाढवून मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तरी हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय तो बाइंडिंगला देऊ नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी विषय बदलतो. तुझ्या आईनं कालपासून माझ्याशी बोलणं टाकलंय. त्याआधी एकच बोलली, की तुमचं ओझं पोरीच्या डोक्यावर काहून ठेवून राहिले.

तू लिहिलंयस की सोव्हिएत उझबेकिस्तानातल्या त्या सामूहिक शेतावर वरून ठरवून दिलेलं कापसाचं उद्दिष्ट दरवर्षी खरोखर पूर्ण होत होतं, आणि पुढं सुधारणांच्या नावाखाली सरकारनंच ती घडी मोडली. कागदावरचे आकडे फुगवलेले होते असं म्हणणाऱ्यांना तू चांगलं झोडपलंयस. पुरावा म्हणून मी ते शेत पाहून आल्यावर लिहिलेली ब्याऐंशी सालची पुस्तिका दिलीस. स्वतः कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर असलेल्या वऱ्हाडी माणसानं एका दिवसात डोळ्यांनी मोजलेल्या चाळीस ट्रॉल्या. वाचताना माझे कान तापले. ग्रेडर होतो हे खरं आहे.

ग्रेडर का झालो ते तुला लहानपणापासून ऐकवत आलोय. तुझे आजोबा नत्थुजी बंडीभर कापूस घेऊन बाजारात जायचे आणि व्यापाऱ्याचा माणूस काट्यावर हात ठेवून मण दोन मण सहज खायचा. म्हणून सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा अशी एकाधिकार खरेदी आली तेव्हा मला वाटलं, आता न्याय आला. नोकरी लागली त्या दिवशी मी आजोबांच्या पाया पडलो नाही, आधी काट्याच्या पडलो. हसू नकोस, खरंच पडलो होतो.

पण सरकारी काट्यावरही लोक हुशार. एका ग्रेडरनं हलका दर्जा दिला की बंडी मागच्या फाटकानं बाहेर काढायची आणि दुसऱ्या रांगेत पुन्हा आणायची. त्यावर मी माझा उपाय काढला होता. पुंजका ओढून धाग्याची लांबी पाहिली की त्याच कापसाचा, मधे एक सरकी ठेवून, घट्ट पीळ वळायचा आणि कोपरापर्यंत हात घालून बंडीत खोल खोवायचा. मी डावखुरा, त्यामुळे तो पीळ उलटा पडायचा. अख्ख्या अकोल्यात तसा पीळ दुसऱ्या कोणाचा नव्हता, म्हणून पुन्हा आलेली बंडी मी त्यावरून ओळखायचो. पुढं हाताला इतकी सवय झाली की कापूस दिसला की पीळ वळला जायचा.

तिकडंही तेच झालं. ऑक्टोबर होता, मैत्री संघातर्फे आम्ही सहा जण त्या शेतावर गेलो होतो, आमच्यात वामनराव म्होरके. ताश्कंदचा दुभाषा आपल्यापेक्षा शुद्ध हिंदी बोलायचा. काट्यावर हालिमा नावाची एक बाई होती, तिशीची, डोक्याला फुलांचा रुमाल. ती काट्याला तराझी म्हणाली आणि मला दुभाष्याशिवाय कळलं, म्हणून आम्ही दोघं हसलो. सकाळी अकरावी ट्रॉली आली तेव्हा मी पुंजका ओढला, पीळ वळला आणि खोल खोवला. ती बघत होती. मी खुणेनं तिला सांगितलं, ही ट्रॉली आता दुसऱ्यांदा फसवायला येणार नाही. तिनं मान हलवली, पण या वेळी हसली नाही.

दुपारी एकतिसावी ट्रॉली आली. वेचणाऱ्यांच्या दुसऱ्या तुकडीची म्हणून तिची नोंद झाली. मी हात लावला आणि माझाच पीळ हातात आला. उलटा, मधे सरकी. मागच्या फाटकानं बाहेर गेलेली बंडी मला अकोल्यात ओळखता येत होती, तर तिथं येणार नाही होय? मी वर पाहिलं. हालिमा माझ्याकडेच बघत होती. वामनराव फोटोसाठी हाका मारत होते. मी पीळ कोटाच्या खिशात टाकला आणि जाऊन रांगेत उभा राहिलो.

परत आल्यावर पुस्तिका लिहिली, चाळीस ट्रॉल्या लिहिल्या. खरं लिहिलं असतं तर इथले व्यापारी म्हणाले असते, बघा, सरकारी खरेदी म्हणजे अशीच लबाडी, बंद करा. मला आजोबांचा काटा आठवत होता. हे कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. गावोगाव भाषणं होत होती, लोक मला रशियावाले शेषराव म्हणत होते, आणि मला ते आवडत होतं.

सत्त्याऐंशीत तिकडचं वारं बदललं. आमच्या मैत्री संघामार्फत दुभाष्याचं पत्र आलं. शेतावर चौकशी चालू होती, आणि त्या दिवशी एकच ट्रॉली दोनदा तोलताना पाहिली का, एवढंच विचारलं होतं. कोण असं म्हणतंय ते लिहिलं नव्हतं. मला मात्र ते पहिल्याच ओळीत कळलं. मी उत्तर दिलं, पाहिली नाही, चाळीसही वेगवेगळ्या होत्या. खाली सही केली, तीही डाव्या हातानं.

आता तुझी पान एकशेबारावरची तळटीप. काट्यावरच्या एका कारकून बाईची तक्रार परदेशी पाहुण्याच्या लेखी जबाबामुळं निराधार ठरली आणि तिला कामावरून काढलं, असं तू लिहिलंयस. पुढं स्वतःचं वाक्य घातलंस, की ही तक्रार आकसापोटी केलेली दिसते. हालिमाला काढून टाकल्याचं मला काल तुझ्या या तळटिपेतून कळलं, बेटा. माझ्या खोट्यानं ती एकदा खोटी ठरली. शुक्रवारी ती तुझ्या हातून पुन्हा ठरेल, आणि तुला ते माहीतही नसेल. त्यासाठी हे लिहून राहिलो. प्रकरण मोडेल, कदाचित वर्ष जाईल, तुझ्या मार्गदर्शक बाई चिडतील. त्यांच्यासमोर मला उभं कर, मी सगळ्यांदेखत सांगेन. खरं काय ते लिहून सही केलेला नवा जबाब सोबत आहे. तो पीळही पाकिटात ठेवलाय, सोडवू नकोस, आतली सरकी तिथलीच आहे. आणि एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितली नव्हती. सकाळी मी तो पीळ कोपरभर खोल खोवला होता. कापूस हलला तर पीळ आणखी खाली जातो, वर कधीच येत नाही. दुपारी तो अगदी वर होता, माझ्या हाताला लागेल असा. हालिमानं ती ट्रॉली उपसून तो शोधला होता आणि माझ्यासाठी वर ठेवला होता.

तुझाच, आणि आता तिचाही साक्षीदार,
बाबा