पंचवीस तारखेच्या आत

वीजकेंद्र कॉलनी, नागपूर
१८ एप्रिल २०२६

प्रिय दीपाताई,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत. चिखलदऱ्याच्या शाळेत तू रुजू झाल्यापासून तुझ्या साहिलला एकदाही धाप लागली नाही, हे कळलं तेव्हा आई फोन ठेवल्यावरही तो कितीतरी वेळ हातात धरून बसली होती. जयंतीला तुझ्या वाटणीची खीर मीच खाल्ली.

इथे ऊन फार. आखातातल्या युद्धात गॅसची जहाजं अडकली, तशी सिलिंडरची वाट पाहणं आलं. कॉलनीत घरोघरी विजेच्या शेगड्या आल्या. आपल्या घरची मीच आणली. शेजारच्या जिजाबाई काल वाळवणावर हात फिरवत म्हणाल्या, "लढाई तिकडं, जहाज तिकडं, अन् राख माह्याच पापडावर काहून पडते वं?"

बाबा आपल्या अंगणातूनच म्हणाले, "स्वयंपाक विजेवर करून राहिल्या ना? मग राखबी खा."

मला हसू आलं नाही.

वीजकेंद्राचं जुनं युनिट एप्रिलअखेर बंद होणार, राख कमी होईल, साहिलला घेऊन परत ये, असं मीच तुला कळवलं होतं. त्यावरच तू बदलीचा अर्ज केलास. ताई, ते युनिट बंद होत नाही. गॅसचा भरवसा उरला नाही, विजेची मागणी वाढली, म्हणून ते आणखी दोन वर्षं कोळशावर चालणार. तो आदेश दोन तारखेला ऑफिसात मीच टाइप केला.

त्यानंतर तुझे तीन फोन आले. प्रत्येक वेळी तू विचारलंस, "युनिटचं पक्कं ना वं?" मी हो म्हणाले. तुमची खोली झाडून ठेवली होती. साहिलसाठी खिडकीला पडदा शिवला होता. अजून दोन दिवस तरी तुम्ही येणार आहात असंच राहू दे, एवढंच वाटलं. दोनाचे सोळा झाले.

मी शाळेत जायच्या आधी अंगणाच्या भिंतीवरच्या राखेत माझं बोट धरून तू मला अक्षरं शिकवलीस. चुकलं की तळहातानं पुसायचीस. दुसऱ्या सकाळी पाटी पुन्हा तयार असायची. तेव्हा मला ती राख आवडायची.

महिनाभर मी ती भिंत रोज पुसते आहे, राख कमी पडते का ते पाहायला. कमी पडत नाही. आज पुसली नाही. जे कागदावर लिहवत नव्हतं ते आधी तिथे बोटानं लिहिलं, आणि आता तिथलं पाहून इथे उतरवते आहे.

साहिलला आणू नकोस. मुदत आहे तोवर, पंचवीस तारखेच्या आत, अर्ज मागे घे.

फोन नको करूस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा हो म्हणेन.

पडदा पार्सलनं पाठवते. खोली झाडत राहीन.

तू शिकवलेल्याच अक्षरांत,
हर्षा