पोटभर केंदाळ

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून जनावरांना चाराच घालते, हे ऐकून तुम्ही हसला असता. जनावरं म्हणजे नखाएवढ्या समुद्री गोगलगायी. कोल्हापुरात कुठला समुद्र, म्हणून घाट उतरून कॅनमधून खारं पाणी आणायचं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांत त्यांना सांभाळायचं. "मास्तरीण झालीस का गवळीण?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं.

किनाऱ्यावर परक्या मुलखातलं एक शेवाळ पसरतंय, बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून आलेलं. खडकांवरचं आपलं शेवाळ त्याखाली दबतं आणि गोगलगायींना समोर असेल ते खावं लागतं. म्हणून निम्म्या टाक्यांत मी आपलं शेवाळ घातलं, निम्म्यांत ते नवं. नवंही त्या आवडीनं खातात. आमचे विभागप्रमुख डोकावून म्हणाले, "खात्यात की! मग लिहून टाका, काय नुकसान न्हाई म्हणून." पण आबा, आपल्या शेवाळाच्या टाक्यांत काचेवर अंडी दिसायला लागली, आणि या भरल्या पोटाच्या गोगलगायींच्या काचा कोऱ्याच राहिल्या. त्या कोऱ्या काचांपुढे उभी राहिले आणि मला आपली कपाळावर चांद असलेली म्हैस आठवली.

मी बारावीत होते. तुमच्या पायात खिळा घुसला आणि मळ्यातून वैरण आणायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस आणली. तिसऱ्या दिवसापासून घरामागच्या तलावावर तरंगणारं केंदाळ, ती जलपर्णी, कापून घालायला लागले. हिरवंगार, हाताशी, आणि म्हैस गव्हाण चाटूनपुसून खायची. कुणाच्या बापाला कळणार, असं वाटलं. माझ्याच बापाला कळायला हवं होतं.

संध्याकाळची वेळ. तुम्ही लंगडत म्हैस घेऊन दुधाच्या कट्ट्यावर आलाय, मी ग्लास विसळतेय. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि तोच फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, ही तिथली रीत आणि तुमची सगळी ऐट. रोजचा पैलवान एक घोट घेऊन थांबतो. "मामा, दूध पातळ लागतंय की. पाणी घातलासा काय?"

"तुझ्या म्होरं पिळलं न्हवं? पाणी काय सडातनं घालू?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी येऊन तुम्ही म्हशीच्या पोटावरून बराच वेळ हात फिरवत राहिलात. "प्वाट तर तट्ट हाय. खातीया, पर अंगी लागत न्हाय. आतनं काय तर बिघडलंय हिचं." मी मागे उभी होते. काय घालतेस, हे तुम्ही विचारलंच नाही. आपली पोर वैरणच आणणार, याची तुम्हाला खात्री होती. पुढच्या बाजाराला तुम्ही तिचं दावं दुसऱ्याच्या हातात दिलंत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलात. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तिची फार आठवण येते, आबा. तुमची त्याहून.

काल अहवाल पुरा केला. त्यात तुमचंच वाक्य लिहिलं: खातात, पण अंगी लागत नाही. विभागप्रमुख म्हणाले, "ही काय शास्त्राची भाषा हाय व्हय?" मी म्हटलं, आमच्या घरात हीच होती. वाक्य राहू दिलंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही, गोगलगायींच्या वहीत ठेवीन. तेव्हा खरं लिहिते. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून केंदाळ कापलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. अभ्यास कसला! मळ्याची वाट कॉलेजच्या फाटकावरून जायची आणि तिथं माझ्या मैत्रिणी उभ्या असायच्या. तुमची म्हैस धडधाकट होती, आबा. मला डोक्यावरच्या भाऱ्याची लाज वाटत होती.