विधवांच्या वाट्याचे मासे

बार्टर्स मिल्स, मेन
१९ मे २०१४

प्रिय मेरिल,

तुझं पत्र आणि सोबतचे बिल्डरचे कागद पोचले. तुमच्या फ्लोरिडात आत्ताच अंगाची लाही होत असेल. इथे मी अजून सकाळी शेगडी पेटवते. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. रुबार्बचे आंबट देठ मात्र उदंड आलेत. मुरंबा करून दमले.

नदीला हेरिंग मासे लागलेत. समुद्रातून वर तळ्याकडे अंडी घालायला निघालेत, पूर्वीसारखे. लहानपणी तू त्यांना दगड मारायचास, ते मी विसरलेले नाही. नदी आणि काठ राखणाऱ्या ट्रस्टने तीन वर्षं खपून, मासे ज्यावरून वर तळ्यात चढतात तो पडका दगडी जिना पुन्हा उभा केला. खालच्या सात पायऱ्या माझ्या ऑरिनने बसवल्या. यंदा मासे त्यांवरून चढले आणि नवरा माझा नोव्हेंबरातच गेला. मला याचा भयंकर राग येतो. कुणावर काढू ते कळत नाही.

गावातल्या प्रत्येक विधवेला दोन पाट्या मासे फुकट, हा आपल्याकडचा नियम तुला माहीत आहेच. या महिन्याच्या सुरुवातीला जिन्याचा राखणदार रँडल माझा वाटा घेऊन दारात आला. मी त्याला सांगितलं, या घरात विधवा कुणी नाही, आणि दार लावून घेतलं. बिचारा पाट्या परत घेऊन गेला. त्याच्या आईला मी शाळेत शिकवलंय. ती काय म्हणाली असेल देव जाणे.

मागच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी मात्र मीच जिन्यापाशी विधवांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे डेल्फीन मिशो होती, नव्वदी ओलांडलेली. माझ्याकडे वळून न बघताच म्हणाली, "आलीस का? नवरा गेल्यावर मी दोन वर्षं आले नव्हते. उगाच, मासे काय माझ्यासाठी थांबणार होते?"

मग तिने जुनं सांगितलं. जिना पडला होता त्या वर्षांतही बायका रांग लावायच्या आणि राखणदार रिकाम्या पाट्या दाखवायचा.

"नियम होता गं," ती म्हणाली, "मासेच नव्हते."

जिना चढण्याआधी मासे दम घेतात तो डोह आपल्या काठाखाली आहे, मेरिल. तिथली झाडं तोडून बंगले बांधले की माती सगळी डोहात उतरणार. मग ऑरिनच्या सात पायऱ्या काय शोभेला ठेवायच्या?

काल फोनवर तू विचारलंस, सही केलीस का. मी म्हणाले, बघते. ते खोटं होतं. गेल्या सोमवारीच मी सही करून बसले होते, तुझ्या कागदांवर नाही, ट्रस्टच्या. जमीन माझीच राहील, पण तिथे कधीच कुणाला घर बांधता येणार नाही. मलाही नाही, माझ्यामागे येणाऱ्यालाही नाही. तू ओरडशील म्हणून काल जीभ आवरली. या वयात धाकट्या भावाला भ्यायले, याची लाज वाटून रात्रभर झोप लागली नाही. आता ओरड खुशाल.

एकटी म्हातारी एवढी जमीन घेऊन काय करणार, असं लिहिलंयस. राखणार. बाबांनी शहरातलं घर तुला दिलं आणि काठ मला. तू घर विकलंस तेव्हा मी एका शब्दाने बोलले नाही. तुझे कागद शेगडीत गेले. चांगले जळतात.

एक राहिलंच. ट्रस्टची अट आहे की वर्षातून एकदा मालकाने त्यांच्या माणसाबरोबर अख्खी हद्द पायी फिरायची, प्रत्येक खूण हात लावून बघायची. माझ्यानंतर कोण फिरणार, यासाठी कागदावर एक रिकामी ओळ होती. तिथे मी तुझं नाव लिहिलं. विचारलं नाही. तूही बिल्डरला माझी जमीन कबूल करताना मला विचारलं नव्हतंस. येताना उंच बूट आण, खालच्या कोपऱ्यात गुडघाभर चिखल असतो.

तुझी थोरली बहीण आणि नदीकाठाची मालकीण,
हेस्टर