एका टेबलावर दोन सह्या

घडले ते असे:

१. बाबा गेल्यावर यंत्रदुरुस्तीचा कारखाना काका आणि दादा मिळून चालवू लागले.

२. दादाने वाचलेल्या ड्रॉइंगवरून काकांनी लेथवर कातलेला एक शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, गिऱ्हाइकाच्या पंपात बसेना. दादाने गिऱ्हाइकादेखत विचारले, "काका, चष्मा घरी राहिला का?" काका म्हणाले, "तू आधी ड्रॉइंग नीट वाच. तुझ्या बापाने कधी असं तोंड चालवलं नाही."

३. आठवडाभरात कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. ती दोघांनी मिळून घातली. दादाने एका बाजूने बोल्ट घातले, काकांनी दुसऱ्या बाजूने नट आवळले. तेव्हापासून बोलणे बंद.

४. लेथ मशीन दादाकडे राहिले, त्याचा मेन स्विच काकांकडे. मशीन बंद आहे.

५. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

मी, या घरची धाकटी मुलगी, मोजमापाच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. मन स्थिर आहे असेही लिहायची पद्धत आहे. डोके ठिकाणावर आहे. मनाचे सांगता येत नाही. एवढे लिहीपर्यंत गॅस बंद आहे ना, हे पाहायला दोनदा उठले.

कलम १. बचत आणि माझी खोली आईला. यावर चर्चा नको.

कलम २. माझे मोजमापाचे मायक्रोमीटर चर्चच्या पाळकसाहेबांना. त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे त्यावरून तरी भांडण होणार नाही.

कलम ३. लेथ मशीन बाबांनी माझ्या नावे केले होते. मी जिथे शिकले त्या तंत्रशाळेला ते द्यावे. काकांना नाही, दादालाही नाही. कारण कलम ५ मध्ये.

कलम ४. तो शाफ्ट माझ्याजवळ आहे. मी तो मोजला आहे. चूक कोणाची, ते मला माहीत आहे आणि मी ते सांगणार नाही. शाफ्ट माझ्या शवपेटीत ठेवावा, माझ्याबरोबर मातीत जाऊ द्यावा. पेटीच्या पुढच्या दोन कड्या काका आणि दादाने धराव्यात. दोघे एका उंचीचे आहेत. पेटी तिरकी होणार नाही.

कलम ५. साक्षीदार. हे कलम पुन्हा पुन्हा खोडले आहे.

प्रभूने भांडण मिटवण्याच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी एकट्याने, एकांतात जा. नाही ऐकले तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, सांगा.

पहिली पायरी झाली. काका म्हणाले, "पोरी, आधी त्याला येऊ दे. मी काय त्याच्या नाकदुऱ्या काढू?" दादा म्हणाला, "ते मोठे आहेत ना? मग दाखवू देत की मोठेपणा!" पालथ्या घड्यावर पाणी. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीपुढे नेऊ. मी नको म्हणाले. प्रभुभोजनाला दोघे दोन टोकांच्या बाकांवर बसतात, ते मंडळीला दिसतेच. चारचौघांत मान खाली घालायला लावली तर भिंत पडेल, माणसे मात्र परत मिळणार नाहीत.

म्हणून दुसऱ्या पायरीचे साक्षीदार तेच दोघे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा कोण कशाच्या आशेने आला, असे कोणी कोणाला म्हणू शकणार नाही. मी त्यांच्यासमोर सही करीन, मग ते माझ्यासमोर करतील.

टेबल भिंतीच्या रेषेवर राहील. त्यासाठी प्लायवूडची एक फळी काढावी लागेल. एकाने पलीकडून नट धरल्याशिवाय दुसऱ्याला बोल्ट फिरवता येत नाही, मी करून पाहिले आहे. नट-बोल्ट फिरवायचे पाने मी दोन आणते.

शुक्रवारी जाण्याआधी मला ते मशीन चालू झालेले ऐकायचे आहे. हे कोणत्याच कलमात बसत नाही. तरी लिहिते.

लिहून देणार: ____________

साक्षीदार, काका: ____________

साक्षीदार, दादा: ____________

स्थळ: कारखाना, भिंतीची रेष

दिनांक: येता गुरुवार

काका, दादा, येणार की नाही ते बुधवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.